हुदहुदची खबर

लोणारपासून एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर आमचे गाव. आम्ही दोघे नवरा-बायको तिथल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. एक जण भूगोल, दुसरी विज्ञान. लोणारच्या विवराचा धडा आम्ही किती वर्षे शिकवला याची मोजदाद नाही. फळ्यावर वाटीसारखा आकार काढायचा. व्यास सुमारे 1.8 किलोमीटर, उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात पडलेले विवर, पाणी खारट आणि अल्कधर्मी, एवढे लिहून द्यायचे. मुले पाठ करायची, परीक्षेत लिहायची. पण खरे सांगायचे तर 2022 पर्यंत आम्ही स्वतः त्या विवरात कधी उतरलो नव्हतो. पाहुणे आले की काठावरून तळे दाखवायचे, चहा प्यायचा आणि परत फिरायचे. घरात 'लोनार का तालाब' असा उल्लेख व्हायचा, तोसुद्धा दुसऱ्या कुणाच्या मालकीचे असावे तसा.

लोणार 2000 साली अभयारण्य झाले. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला वन्यजीव सप्ताह असतो. 2022 साली त्या निमित्ताने आमच्या शाळेला निरोप आला की विद्यार्थ्यांना घेऊन या, वनरक्षक तुम्हाला तळे दाखवतील. आम्ही खूश झालो. संमतीच्या चिठ्ठ्या छापल्या, वाटल्या आणि नववीची मुले घेऊन जाऊन आलो.

मुले म्हणजे फक्त मुलगे. मुलींच्या घरी आम्ही चिठ्ठ्याच पाठवल्या नव्हत्या. पालक नाही म्हणणार, हे आम्ही आधीच धरून चाललो होतो. कुणी नकार दिला नव्हता. नकार आम्हीच, सगळ्यांच्या वतीने, देऊन टाकला होता.

दुसऱ्या दिवशी मुलगे वर्गात मोर आणि वानरांच्या गोष्टी सांगत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्गात फारशी न बोलणारी, पण वहीत सुरेख चित्रे काढणारी. म्हणाली, "सर, तालाब सिर्फ लडकोंकाच है क्या?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि 'बैठो बेटा' म्हणून पुढचा धडा सुरू केला. त्या रात्री आम्ही दोघेही नीट जेवलो नाही. समाजात मुलींच्या शिक्षणावर आम्ही भाषणे केली आहेत, लेख लिहिले आहेत. आणि एका तासाच्या रस्त्यावर आम्हीच फाटक लावून बसलो होतो.

पुढच्या वर्षी आम्ही आधीच फोन केला. आदल्या वर्षी ज्यांनी तळे दाखवले होते त्या वनरक्षक मॅडमच फोनवर आल्या. आमची अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, "मग त्यांच्या आईंनाही आणा की! तळं काही शाळेपुरतं नाही."

इतका साधा उपाय आम्हाला सुचला नव्हता. या वेळी चिठ्ठ्या घरोघरी आम्ही स्वतः नेल्या. कुणी चटकन सही केली. कुणी "पानी का मामला है, ध्यान रखना" असे बजावले. एका दादीने तर नातीच्या आधी स्वतःचेच नाव लिहायला लावले. सगळ्यांनी पाठवले असे नाही. पण एकोणीस मुली आणि अकरा आया, एक दादी धरून, एवढी मंडळी 2 ऑक्टोबर 2023 च्या सकाळी बसमध्ये बसली. खिडकीतून हात बाहेर काढू नका, हे आम्हाला मुलींपेक्षा त्यांच्या आयांनाच जास्त वेळा सांगावे लागले.

काठावर पोचताच मॅडमनी दोनच नियम सांगितले. इथून काही न्यायचे नाही, इथे काही टाकायचे नाही. मग पायवाटेने एकेकीला पुढे घालत खाली उतरलो. वाटेत त्यांनी खिशातून लोहचुंबक काढले आणि मातीवरून फिरवले. काळे कण त्याला चिकटले. बेसॉल्टमध्ये लोहाची खनिजे असतात, त्याचे हे कण. विवराचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत, पण 2011 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे निघाले, हेही त्यांनी सांगितले. आमच्या फळ्यावर अजून जुनाच आकडा होता. आम्ही गुपचूप वहीत नवा लिहून घेतला.

पाण्याजवळ त्यांनी हळद लावलेल्या कागदाच्या पट्ट्या वाटल्या. एक पट्टी पाण्यात बुडवली, ती लालसर झाली. "असं का झालं?" त्यांनी विचारले. मुली आमच्याकडे पाहू लागल्या. विज्ञानाचे उत्तर आमच्या ओठांवर होतेच, पण त्याआधी मागून एका आईचा आवाज आला, "हलदी के दाग कू साबन लगाए तो ऐसाच लाल होता."

"अगदी बरोबर!" मॅडम म्हणाल्या. साबण अल्कधर्मी, हे पाणीही अल्कधर्मी. चौथीनंतर शाळा सुटलेली ती बाई, तिच्या मुलीने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर आम्ही विसरणार नाही. मग आम्हालाही बोलावेसे वाटले. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे आणि या डोंगरात काच व साबण करण्याचे साहित्य मिळते असे म्हटले आहे, ते आम्ही सांगितले. दादी म्हणाली, "मंजे बादशहा कू बी मालूम था!"

जून 2020 मध्ये हे पाणी गुलाबी झाले होते, त्याबद्दल मुलींनी विचारले. कुणी त्याला चमत्कार म्हटले होते, कुणी अपशकुन. मॅडमनी समजावले, की उन्हाळ्यात पाणी घटते, क्षार वाढतात आणि खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्म जीव वाढून रंग धरतात. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीतही हेच निघाले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, हेही मुलींनी लिहून घेतले.

त्यानंतर त्यांनी सगळ्यांना झाडाखाली बसवले आणि पाच मिनिटे कुणी बोलायचे नाही, फक्त ऐकायचे असे सांगितले. अकरा आया आणि एकोणीस मुली गप्प बसल्या हे आम्ही आयुष्यात एकदाच पाहिले. टिटवी ओरडली. लांबून मोराची केका आली. मग वाटेच्या कडेला एक पक्षी उतरला. बदामी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, लांब वाकडी चोच. मातीत चोच खुपसता खुपसता त्याने डोक्यावरचा तुरा पंख्यासारखा उलगडला.

"हुदहुद्या," मॅडम हळूच म्हणाल्या.

"हुदहुद?" तीन-चार मुली एकदम कुजबुजल्या. "मॅडम, ये तो हजरत सुलेमान का हुदहुद है!"

हे नाव त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. कुरआनातल्या सूरह नम्लमध्ये त्याचा किस्सा येतो. पण तो आपल्याकडे, बांधावर, गोठ्याजवळ रोज किडे टिपत फिरतो हे त्यांना ठाऊक नव्हते. मॅडमना मराठी नाव माहीत होते, किस्सा माहीत नव्हता. मग एक मुलगी अडखळत मराठीत सांगू लागली. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या फौजेत पक्षीही होते. एकदा हजेरीत हुदहुद दिसला नाही. ते रागावले. थोड्या वेळाने तो आला आणि म्हणाला की आपल्याला ठाऊक नाही अशी खबर मी आणली आहे. सबा नावाच्या देशात एक राणी राज्य करते.

"म्हणजे राजापेक्षा पक्ष्याला जास्त माहिती होती," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या डायरीत काहीतरी लिहून घेतले. इतका वेळ त्या शिकवत होत्या, आता त्या शिकत होत्या. मराठीतला हुदहुद्या आणि आमच्या घरातला हुदहुद एकच निघाला, याचा आनंद कुणाला जास्त झाला हे सांगणे कठीण आहे.

निघताना त्यांनी विचारले, "सलीम अली कोण, सांगा बघू?" एकही हात वर आला नाही. आमच्या माना खाली गेल्या. 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत जन्मलेला हा मुलगा. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने मारलेली एक वेगळीच चिमणी घेऊन तो नाव विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि पुढे देशाचा पक्षितज्ज्ञ झाला. वन खात्यात नोकरी करून मराठीत जंगल लिहिणारे मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन 5 नोव्हेंबर. या दोन जन्मदिनांमधला आठवडा महाराष्ट्रात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. हे आमच्या मुलींना आम्ही सांगायला हवे होते. सांगितले वनरक्षक मॅडमनी.

आता राहिलेली गोष्ट. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता, ती त्या बसमध्ये नव्हती. तिच्या घरी आम्ही दोनदा गेलो. अम्मी आजारी, घरात दुसरे कुणी बाईमाणूस नाही, वडील हातगाडी घेऊन दिवसभर बाहेर. तिने स्वतःच सांगितले, "मिस, छोटी कू ले जाओ." सातवीतली तिची धाकटी बहीण आमच्याबरोबर आली आणि संध्याकाळी हुदहुदची खबर घेऊन घरी गेली.

दोन दिवसांनी धाकटीने वही आणून दाखवली. तीत हुदहुदचे चित्र होते. तुरा उघडलेला, पट्टे अगदी मोजून काढलेले. "ये बाजी ने निकाली," ती म्हणाली. "मैं बोलती गई, वो निकालती गई." न पाहिलेला पक्षी इतका हुबेहूब होता की आम्हाला काय बोलावे ते कळेना.

दहावीनंतर मोठीचे शिक्षण थांबले. आम्ही पुन्हा त्यांच्या उंबऱ्यावर गेलो. वडील वाईट माणूस नव्हेत. "देखेंगे" म्हणाले. त्या 'देखेंगे'च्या मागे औषधांची बिले होती, ती आम्ही पाहिली. शेवटी ती घरी बसून अभ्यास करील आणि बारावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बसेल, इतके ठरले. पुस्तके आम्ही पोचवतो. पुढचे अल्लाह जाणे.

त्यानंतर आम्ही मुलींना चिठ्ठी दिल्याशिवाय कोणतीही सहल काढलेली नाही. कुणी नाही म्हणेल, तर तो नकार त्यांचा असेल, आमचा नसेल. फळ्यावरचा आकडाही बदलला आहे. पण 'तालाब सिर्फ लडकोंकाच है क्या?' हा प्रश्न जिने विचारला, तिने तळे अजून पाहिलेले नाही. उत्तर आम्हाला माहीत आहे. ते तिला तोंडाने सांगून भागणार नाही, काठावरून खाली नेऊन दाखवावे लागेल.