सिंगापूरचे फोटो: पाण्याच्या कडेकडेने

हल्ली गावातील एखादे तरी पोर परदेशी नोकरीला असते आणि त्याच्यामागोमाग आईवडिलांचाही विमानप्रवास घडतो. परत आल्यावर घरोघर फोटो दाखविले जातात. पाहावे तर सर्वांचे फोटो एकसारखेच. सिंगापूरला माझा भाचा नोकरीस असल्याने मला तेथे काही दिवस राहावयास मिळाले. तेव्हा जाणाऱ्या मंडळींना उपयोगी पडेल असे चार शब्द लिहितो.

प्रथम उजेडाचे. हे शहर विषुववृत्ताला अगदी लागून आहे. बारा महिने सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारासच मावळतो. दुपारी ऊन डोक्यावरून पडते, त्यामुळे माणसाच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात. दुपारचा वेळ जेवणात आणि विश्रांतीत घालवावा. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटे आभाळ गर्द निळे असते आणि दिवेही लागलेले असतात. तेवढी वेळ साधावी. आपल्याकडच्यासारखी रेंगाळणारी संध्याकाळ तेथे नाही.

सिंहाचे तोंड आणि माशाचे धड असलेला मर्लायन पुतळा ८.६ मीटर उंच आहे. त्याच्या तोंडातून पाण्याची धार पडते. समोर खाडीपलीकडे, तीन इमारतींच्या डोक्यावर जहाज ठेवल्यासारखे मरिना बे सॅण्ड्स हे हॉटेल दिसते. येथे रेटारेटी फार. पुतळ्याला चिकटून उभे राहण्यापेक्षा शेजारच्या पादचारी पुलावर जावे. तेथून पुतळा, पाणी आणि हॉटेल तिन्ही एका चौकटीत येतात. सकाळी सूर्य हॉटेलच्या मागे असतो, म्हणून येथे सायंकाळीच यावे.

पण मला खरी जागा सापडली ती मरिना बराज. खाडीच्या तोंडावर ३५० मीटर लांबीचा हा बंधारा २००८ साली बांधून झाला. कोकणातील खारबांध आणि त्याची उघाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे काम लगेच कळेल. भरतीचे खारे पाणी दरवाजे अडवितात. जोराचा पाऊस झाला की ओहोटीच्या वेळी दरवाजे उघडून जादा पाणी समुद्रात सोडतात, आणि त्याच वेळी भरती असली तर मोठ्या पंपांनी उपसून बाहेर टाकतात. आतील पाणी हळूहळू गोडे झाले. ज्या खाडीपुढे जगभरचे लोक फोटो काढतात ती शहराचा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, हे त्यांतील कितींना ठाऊक असते कोण जाणे! सुमारे दहा हजार हेक्टरांवर पडणारा पाऊस तेथे येतो. पाऊस भरपूर, वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक. पण साठवायला जागा नाही, म्हणून शेजारच्या मलेशियातूनही पाणी विकत घ्यावे लागते.

बंधाऱ्याच्या पंपघराच्या छपरावर हिरवळ केलेली आहे. सायंकाळी तेथे पोरेबाळे पतंग उडवितात. एका बाजूस शहराच्या इमारती व त्यांच्यामागे मावळतीचे रंग, तर नुसती पाठ फिरविली की खुला समुद्र आणि नांगरून पडलेली जहाजे. मी भाच्याला म्हटले, ‘अरे, एवढ्या एका जागेसाठी आलो असतो तरी पैसे वसूल!’ तो म्हणाला, ‘मामा, तुम्हाला इथेसुद्धा बंधाराच दिसला!’

हे पाणी पूर्वी असे नव्हते. नदीत घाण साचून दुर्गंधी सुटलेली असे. १९७७ ते १९८७ या दहा वर्षांत सरकारने ती साफ केली. त्यासाठी काठचे फेरीवाले, नाववाले, आणि वरच्या अंगाला डुकरे व बदके पाळणारी कुटुंबे हलविली गेली. त्यांत कित्येकांचा पिढीजात धंदा सुटला. फोटोत स्वच्छ पाणी येते. ती कुटुंबे कुठेच येत नाहीत. आज या देशाचे नव्वद टक्क्यांहून अधिक अन्न बाहेरून येते.

झाडांची आवड असणाऱ्यांनी १८५९ साली सुरू झालेले वनस्पती उद्यान चुकवू नये. सकाळी लवकर जावे. फिरायला प्रवेश फुकट. तेथील टेंबुसूचे जुने झाड त्यांच्या पाच डॉलरच्या नोटेवर छापलेले आहे. खालची आडवी फांदी जमिनीला समांतर लांब गेली आहे. नोट हातात धरून झाडाचा फोटो काढण्याची गंमत मुलांना आवडते. १८७७ साली येथे रबराची रोपे आली, आणि झाड न मारता चीक काढण्याची रीत पुढे रिडले या संचालकाने येथेच बसविली. सिमेंटलोखंडाची उंच ‘सुपरट्री’ झाडे दुसऱ्या बागेत आहेत. रात्री दिव्यांत ती सुंदर दिसतात, दिवसा मला तरी ती खांबच वाटली.

एक सकाळ लिटल इंडियातील टेक्का बाजारासाठी ठेवावी. शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, केळीची पाने, सारे ओळखीचे. तेथे कॅमेरा काढण्याआधी विक्रेत्याला विचारावे आणि पावशेर काही तरी घ्यावे. मग तो स्वतःच टोपली पुढे सरकवून नीट उभा राहतो.