फिल्टरआड राहिलेली ओळ

अँड्रॉइड ॲपचा विकासक कोडमध्ये ठिकठिकाणी जे लॉग टाकतो, म्हणजे ॲप चालताना काय घडले याची नोंद करणारे जे छोटे संदेश लिहून ठेवतो, ते त्याच्या ॲपपुरते वेगळे साठत नाहीत. फोनवर चालू असलेल्या इतर सर्व प्रोसेसच्या नोंदींबरोबर ते एकत्रच जमा होतात आणि लॉगकॅट या साधनातून वाचावे लागतात. हवी ती ओळ तिथे दिसली नाही, तर ती लिहिलीच गेली नसेल, लिहून पुसली गेली असेल, किंवा जागेवरच असून वाचणाऱ्यानेच लावलेल्या फिल्टरने झाकली असेल. पहिल्या दोन शक्यता मुरलेला माणूस चटकन निकालात काढतो. तिसरी मात्र वर्षानुवर्षे पुरून उरते, कारण फिल्टर हे सोयीचे साधन असल्याने त्याच्यावर संशय घेण्याची कुणालाच सवय नसते.

ॲप पडण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. जावा किंवा कोटलिनमधला अपवाद (एक्सेप्शन), म्हणजे कोड चालताना उद्भवलेली चूक, कुणी हाताळला नाही, तर मरण्यापूर्वी ॲपची प्रोसेस स्वतःच ‘अँड्रॉइडरनटाइम’ या टॅगखाली सविस्तर नोंद करते. स्मृती कमी पडल्यामुळे यंत्रणेने ॲप बंद केले, तर मात्र प्रोसेसला एक अक्षरही लिहिण्याची सवड मिळत नाही. मृत्यूची नोंद मेलेला माणूस करत नाही, ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात दुसऱ्याच्या हातून होते. इथेही ती ‘लोमेमरीकिलर’ आणि ‘ॲक्टिव्हिटीमॅनेजर’ या टॅगखाली, यंत्रणेच्या प्रोसेसकडून आणि बहुधा ‘आय’ म्हणजे साध्या माहितीच्या पातळीवर होते. अँड्रॉइड स्टुडिओच्या २०२२मधील डॉल्फिन आवृत्तीपासून लॉगकॅटची खिडकी नव्या रूपात आली, आणि तिच्यातला ‘पॅकेज:माइन’ हा फिल्टर मुख्यतः स्वतःच्या ॲपच्या नोंदी दाखवत असल्याने नेमकी हीच ओळ बाहेर ठेवतो.

ती ओळ जवळून पाहण्यासारखी असते. डावीकडे मिलिसेकंदापर्यंतची वेळ, मग लिहिणाऱ्या प्रोसेसचा आणि थ्रेडचा क्रमांक, पातळीचे एक अक्षर, टॅग, आणि शेवटी मारल्या गेलेल्या प्रोसेसचे नाव व तिचा ‘ओओएम स्कोअर ॲडजस्ट’, म्हणजे स्मृती कमी पडल्यास आधी कुणाचा बळी जाणार हे ठरवणारा आकडा. पडद्यावरच्या ॲपला हा आकडा ० असतो, मागे निपचित पडलेल्यांना ९०० किंवा त्याहून अधिक. तिथे ० दिसला, तर फोनची स्मृती फारच आटली होती असे समजावे. ९०० दिसला, तर यंत्रणा नित्याप्रमाणेच वागली, आणि परतल्यावर आधीची स्थिती पुन्हा उभी करणे हे ॲपचे काम होते.

एक्लिप्स आणि डीडीएमएस या जुन्या साधनांच्या काळात घडलेल्या विकासकांना, प्रस्तुत लेखकासह, संपूर्ण लॉग भराभर सरकत असताना त्यातून आपली ओळ टिपण्याचा मोठा अभिमान होता आणि आजही आहे. मात्र हे कसब अर्ध्याहून अधिक न पाहण्याचे असते: परकी ओळ दिसली की नजर ती आपसूक ओलांडते, आणि अशा नजरेला फिल्टर काढूनही फारसा उपयोग होत नाही. हाताखाली शिकायला आलेली एक मुलगी कोणती ओळ निरुपयोगी हे ठाऊक नसल्यामुळे ॲप पडण्याआधीचे दोन सेकंद सगळ्या प्रोसेससकट सलग वाचू लागली, आणि तिची ती संथ पद्धत पाहिल्यावर प्रस्तुत लेखकाची वाचण्याची रीतच बदलली. अभिमान मात्र तितका बदललेला नाही.

ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड मध्येच थांबवून आतली स्थिती तपासण्याची सोय, वापरणारे लॉगला ओबडधोबड मानतात. हे मत मान्य होण्यासारखे नाही, कारण थ्रेड थांबवला की घटनांचा परस्परक्रम बदलतो, आणि बाहेरून होणाऱ्या मृत्यूसमोर ब्रेकपॉइंटचा काहीच इलाज चालत नाही. त्याहून खेदाची गोष्ट अशी की अनेक संघांत आता लॉग वाचलाच जात नाही. क्रॅश मोजणाऱ्या सेवेचा फलक हिरवा दिसला की ॲप निरोगी ठरते, पण स्मृतीअभावी झालेला मृत्यू हा अपवाद नसल्यामुळे क्रॅशच्या आकड्यात धरलाच जात नाही.

अँड्रॉइड ११मध्ये, २०२० साली, ‘ॲप्लिकेशनएक्झिटइन्फो’ आले आणि मागच्या वेळी आपली प्रोसेस का संपली हे ॲपला पुढच्या खेपेस विचारता येऊ लागले. ही सोय मोलाची आहे, पण ती कारण सांगते, आधीचा क्रम सांगत नाही. आणि ज्या फोनवर स्मृतीअभावी झालेल्या मृत्यूची वेगळी नोंद होत नाही, तिथे प्रोसेस केवळ सिग्नलने संपली एवढेच उत्तर मिळते. टेबलावरच्या फोनचा लॉग तरी फिल्टर काढून तत्काळ फाइलमध्ये उतरवून घेता येतो. ग्राहकाच्या हातातल्या फोनवर मात्र २०१२च्या ४.१ आवृत्तीपासून सामान्य ॲपला फक्त स्वतःच्याच नोंदी वाचता येतात. खाजगीपणाच्या दृष्टीने हे बंधन योग्यच आहे. पण त्यामुळे हवी असलेली ती परकी ओळ, जी मूळ मांडणीत सहसा २५६ किलोबाइटच्याच बफरमध्ये असते, विकासकापर्यंत पोहोचण्याआधीच नव्या नोंदींखाली पुसली जाते.