सुगरण, सरडे आणि पोटापाण्याचा प्रश्न

गणपती असोत की दिवाळीचा कार्यक्रम, जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की आपल्या मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो : "मग, ॲबिटूरनंतर काय ठरवलंय?" उत्तरंही ठरलेली असतात. माशिनेनबाऊ, इन्फॉर्माटिक, नाहीतर मेडिसिन. आमच्या मुलीचं उत्तर आहे "झूलॉजी". त्यावर रांगेत क्षणभर शांतता पसरते आणि मग कुणीतरी समजूतदारपणे म्हणतं, "वा, छान! आणि मुख्य काय करणार?"

डोंबिवलीच्या आजींनी तर फोनवर सरळच विचारलं, "म्हणजे राणीच्या बागेत नोकरी का गं?" नात म्हणाली, "मिळाली तर काय वाईट आहे, आजी?" दोघीही हसल्या. पण विषय नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलीनं आयुष्याची पाच-सहा वर्षं ज्यात घालायची, त्यावर तिचं पोट भरणार आहे का, हे आईबापांनी विचारायलाच हवं. म्हणून गेलं वर्षभर आम्ही जमेल तिथून माहिती गोळा करतो आहोत. आपल्यापैकी आणखी कुणाच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येईल, म्हणून ती इथे मांडतो.

आपल्या पिढीच्या मनात या विषयाची एक अढी आहे. अकरावीत 'ए ग्रुप' आणि 'बी ग्रुप' अशा दोन जाती असत. बी ग्रुपवाले सगळे डॉक्टर व्हायला निघालेले. ज्यांचे दोन-चार मार्क कमी पडत, ते बी.एस्सी.ला झूलॉजी घेत. म्हणजे हा विषय 'घ्यायचा' नसे, तो 'पदरात पडायचा'. झुरळ आणि गांडूळ कापून तीन वर्षं काढायची, मग बी.एड. किंवा बँकेची परीक्षा. त्यामुळे कुणी पोरगी स्वतःहून, चांगले मार्क असताना हाच विषय मागते, हे आपल्या डोक्यात लवकर शिरत नाही.

जर्मनीत पहिला धक्का असा की बाखेलरला 'झूलॉजी' नावाचा वेगळा कोर्स सहसा नसतोच. आधी सहा सेमिस्टर बायोलॉजी करायची. त्यात पहिल्या वर्षी प्राणी कमी आणि केमिस्ट्री, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स जास्त. प्राणिशास्त्राकडे खरी वाट वळते ती मास्टर्सच्या चार सेमिस्टरमध्ये : कुणी प्राण्यांचं वर्तन घेतं, कुणी उत्क्रांती, कुणी मज्जासंस्था, कुणी परिसरशास्त्र. अनेक युनिव्हर्सिट्यांत प्रवेशाला न्यूमेरस क्लाउझुस असतो, म्हणजे ॲबिटूरच्या गुणांची चाळणी लागते.

दुसरा घोळ म्हणजे 'प्राण्यांचं काहीतरी' या नावाखाली आपण तीन वेगळ्या वाटा एकत्र करतो. प्राण्यांचा डॉक्टर व्हायचं तर टिअरमेडिसिन हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. तो साऱ्या देशात फक्त पाच ठिकाणी शिकवतात : हॅनोव्हर, बर्लिन, लाइपझिग, गीसेन आणि म्युनिक. आमच्या स्टुटगार्टच्या विल्हेल्मासारख्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल करायची, तर त्याला डिग्री लागत नाही, तीन वर्षांची आउसबिल्डुंग लागते. शाळेत शिकवायचं, तर लेहरआम्टची वाट पहिल्यापासून धरावी, आणि सोबत बहुधा दुसरा एक विषय घ्यावा लागतो. झूलॉजिस्ट हा या तिघांहून निराळा.

मग त्याला काम कुठे मिळतं? पहिलं उत्तर 'संशोधन'. इथे स्वप्न मोठं आहे आणि जमीन निसरडी. मधमाश्यांची भाषा उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश, बदकांच्या पिल्लांमागे आयुष्य घालवणारे कोनराड लोरेन्झ यांना टिनबर्गन यांच्यासह १९७३ साली नोबेल मिळालं. म्युनिक आणि झेवीझेन ही त्या दोघांची कर्मभूमी. पण आजच्या तरुण संशोधकाला भेडसावतो तो २००७ चा कायदा : सरकारी युनिव्हर्सिटीत ठरावीक मुदतीच्या करारावर सर्वसाधारणपणे डॉक्टरेटच्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं. तेवढ्यात कायमची जागा मिळाली तर ठीक. हा कायदा समजावून सांगायला केंद्रीय मंत्रालयानं एक फिल्म काढली होती. तिच्यातली 'हाना' ही काल्पनिक संशोधक बायोलॉजिस्टच होती! २०२१ साली हजारो संशोधकांनी "मीच ती हाना" म्हणत आपापल्या कहाण्या मांडल्या. चाळिशीपर्यंत वर्षा-दोन वर्षांच्या करारांवर राहायची तयारी आहे का, हा प्रश्न आम्ही मुलीला विचारला आहे. उत्तराची घाई नाही.

दुसरं उत्तर मला माझ्याच कामात मिळालं. मी सिव्हिल इंजिनियर. इथे मास्टर्स करून साइटवर गेलो तेव्हा पहिल्याच वेळापत्रकात एक विचित्र ओळ दिसली : झाडं तोडायची ती फेब्रुवारीअखेरपर्यंतच. १ मार्च ते ३० सप्टेंबर कुऱ्हाड बंद, कारण पाखरांचा विणीचा हंगाम. जुनी इमारत पाडायची तर आधी वटवाघळं आहेत का, ते बघायचं. हे बघायला जी माणसं येतात, रात्री कानाला डिटेक्टर लावून उभी राहतात आणि ज्यांच्या अहवालाशिवाय आमचं मशीन हलत नाही, ती सगळी बायोलॉजी शिकलेली. त्यांची छोटी-मोठी ऑफिसं प्रत्येक शहरात आहेत.

'स्टुटगार्ट २१' या रेल्वे प्रकल्पाची गोष्ट तर सर्वांनी पेपरात वाचली असेल. उंटरट्युर्कहाइमला रुळांलगत सरडे निघाले, संरक्षित जातीचे. ते हाती धरून दुसरीकडे हलवायचे. रेल्वेनं २०१७ साली त्याचा खर्च सांगितला तो एका सरड्यामागे दोन ते चार हजार युरो. आमच्या साइटवर यावर खूप विनोद झाले. पण हिशेब मांडला तर दिसतं, की १९९२ चा युरोपीय अधिवासाचा नियम आणि इथला निसर्गसंरक्षण कायदा, यांनीच प्राणिशास्त्राला पोटापाण्याचा धंदा बनवलं आहे. सरडा ओळखता येणाऱ्या माणसाला किंमत आली ती कायद्यानं.

आणि अशी माणसं कमीच आहेत. क्रेफेल्डच्या कीटकप्रेमींच्या संस्थेनं सत्तावीस वर्षं सापळे लावून, जमलेल्या कीटकांचं वजन नोंदलं. २०१७ साली निष्कर्ष छापून आला : संरक्षित जागांमध्येसुद्धा उडणाऱ्या कीटकांचं वजन पाऊणपट घटलं होतं. साऱ्या जगात खळबळ माजली. या संस्थेतले पुष्कळजण हौशी होते, हे विशेष. किडा बघून त्याची जात सांगणारे म्हातारे होत चालले आहेत आणि नवे पुरेसे तयार होत नाहीत, अशी तक्रार इथले जाणकार करतात. याखेरीज म्युझियम, निसर्गसंरक्षणाची सरकारी कार्यालयं, औषध कंपन्या या जागा आहेतच. जागा थोड्या, पण आहेत.

हे सगळं वाचता वाचता मला एक आपला माणूस भेटला, सलीम अली. मुंबईच्या या तरुणाला पक्ष्यांचं वेड होतं, पण युनिव्हर्सिटीची रीतसर डिग्री नव्हती, म्हणून झूलॉजिकल सर्व्हेतली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाइड-लेक्चररची नोकरी लागली. मग रजा घेऊन गडी थेट बर्लिनला आला, युनिव्हर्सिटीच्या प्राणिसंग्रहात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकायला. हेल्गोलांड बेटावर जाऊन पक्ष्यांच्या पायात कडी घालायचं तंत्रही शिकला. (साधारण त्याच काळात आपल्या इरावतीबाई कर्वे बर्लिनमध्येच डॉक्टरेट करत होत्या.) १९३० साली परत गेला तर म्युझियमनं पैशाअभावी ती जागाच रद्द केलेली!

जर्मनीहून शिकून आलेला, लग्न झालेला माणूस आणि हाताला काम नाही. आपल्या घरात काय झालं असतं, कल्पना करा. सलीम अली आणि तेहमिनाबाई अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. हा माणूस तासन् तास ते खोपे बघत बसला. बहिणाबाईंमुळे सुगरण आपल्या घराघरांत पोचली आहे, पण सलीम अलींनी टिपून ठेवलं ते असं : खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येते, तपासणी करते, पसंत पडला तरच संसार मांडते. मग नर तो पुरा करतो आणि शेजारी दुसऱ्या मादीसाठी नवं बांधकाम काढतो. (अर्धवट कामावर गिऱ्हाईक गाठायची ही रीत आमच्या धंद्यालाही नवी नाही.) या कामानं त्यांचं नाव झालं. बेकारीतल्या त्या पावसाळ्यानं जे दिलं, ते नोकरीनं दिलं नसतं.

पण यातून "आवड असली की सगळं होतं" असा सोपा अर्थ मी काढत नाही. किहीमला त्यांना राहायला घर होतं आणि पाठीशी बायको खंबीर होती. प्रत्येक प्राणिशास्त्रज्ञाच्या आयुष्यात एक किहीम येतं, म्हणजे शिक्षण पुरं झालं आहे आणि पगार सुरू नाही, असा काळ. त्या काळात टिकलेला पुढे जातो, आणि टिकणं बरंचसं घरावर अवलंबून असतं. आपण इथे आलो तेव्हा आपल्या आईवडिलांनी कर्ज काढून पाठवलं, कारण इंजिनियरिंगची परतफेड दिसत होती. इथे परतफेड दिसत नाही, एवढाच फरक.

म्हणून आमच्या घरी वाद मिटला नसला तरी हिशेब मांडला आहे. मास्टर्सपर्यंत खर्च आमचा, त्यानंतर दोन वर्षं घरातली खोली तिची. तिनं स्टॅटिस्टिक्स आणि प्रोग्रामिंग नीट शिकायचं, ड्रायव्हिंग लायसन्स काढायचं (सरड्यांच्या गावी एसबान जात नाही), आणि पहिल्या सुट्टीतच एखाद्या गुटआख्टर ऑफिसात चिखलात उतरून बघायचं. चिखल आवडला नाही तर बायोलॉजीतून दुसऱ्या वाटा फुटतात. आवडला, तर बापानं रांगेत मान वर करून "झूलॉजी" म्हणायचं.

आपल्या वाचकांपैकी कुणाची मुलं या वाटेनं गेली असतील, तर त्यांचे अनुभव संपादकांकडे जरूर पाठवा. पगाराचे आकडेही लिहा. मंडळी मनातून तेच विचारत असतात.