रंग वगळायचे कोणी ठरवले?

सोशल मीडियावर टाकलेले चित्र खराब दिसते, अशी तक्रार डिजिटल चित्रकार करतात तेव्हा ऐकणारा दोष नेटवर्कला किंवा फोनला देतो. प्रतिमा-प्रक्रियेचा अभ्यासक म्हणून मला ते पटत नाही. चित्रातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हा निवाडा खूप आधी, छायाचित्रे समोर ठेवून झालेला आहे. चित्राची फाइल लहान करण्याचे, म्हणजे कॉम्प्रेशनचे, जेपेग हे प्रमाण १९९२ साली ठरले. त्यामागचे गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ सालीच मांडले होते. चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनातले उजेडाचे संथ चढउतार जपायचे आणि बारीक, झटक्यात होणारे बदल ढोबळ करायचे, अशी ही रीत. आकाश, त्वचा, डोंगर यांत असे झटके कमी, त्यामुळे फोटोत काही गेल्याचे जाणवत नाही. रेखाचित्र मात्र झटक्यांवरच उभे असते. काळी रेघ जिथे संपते तिथेच कोरी जागा सुरू होते, आणि नेमकी तिथेच कॉम्प्रेशननंतर करड्या ठिपक्यांची धूळ उठते.

रंगाची गत याहून वाईट. डोळ्याला उजेडातला फरक जितका नेमका कळतो तितका रंगातला कळत नाही, हे खरे. त्याच्या आधारावर बहुतेक ठिकाणी चार पिक्सेलना मिळून एकच रंगनोंद ठेवतात. गेरूच्या जमिनीवरची पांढरी वारली आकृती यातून बरीच तगते, कारण तिथला फरक उजेडाचा आहे. हिरव्या पैठणीच्या काठावर बारीक लाल वेल काढली, तर दोन्ही रंगांचा उजेड जवळपास सारखा असल्यामुळे वेल मळकट पट्टी होऊन बसते. त्यात आकाराची कपात येते. ४००० पिक्सेल रुंद चित्रातली ३ पिक्सेलची रेघ, चित्र १०८० पिक्सेलवर आणले की एका पिक्सेललाही पुरत नाही. पुढे कोणी ते उतरवून पुन्हा चढवले की आधीच्या डागांवर नवे डाग पडतात.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. कोट्यवधी चित्रे साठवायची, स्वस्त फोनवर आणि मर्यादित डेटावर पोचवायची, तर कपात अटळ आहे. मान्य. पण सपाट रंगांचे साधे रेखाचित्र पीएनजी या दुसऱ्या फाइल-प्रकारात काहीही न गमावता साठवले, तर अनेकदा ते जेपेगपेक्षा लहानच होते. शिवाय पूर्ण रंगनोंद ठेवण्याची सोय जेपेगमध्येही आहे. ती न वापरणे ही प्लॅटफॉर्मची निवड आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: चित्रकाराने माध्यमाशी जुळवून घेण्यात नवे ते काय? १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्यातही तैलरंगाचा पोत शिळाछापात बदलतच होता. मात्र तिथे प्रत्येक रंगाचा दगड घडवणारा कारागीर समोरचे चित्र पाहून काय सोडायचे ते ठरवत असे. आज ते चित्र न पाहता ठरते, त्याचे नियम पुरते जाहीर नसतात आणि न सांगता बदलतात. ज्या मर्यादेचे माप कळत नाही तिच्याशी जुळवून घेणार कसे?

‘पाहणाऱ्याला फरक कळतच नाही,’ हा तिसरा आक्षेप अर्धाच खरा आहे. मूळ चित्र शेजारी नसेल तर काय गेले ते कळत नाही. जे उरले त्यावरून चित्रकाराचा हात जोखला जातो. मग जाड रेघ, मोजके रंग, गुळगुळीत पृष्ठभाग असलेले काम उठून दिसते, आणि बारीक पोताचे काम करणाऱ्याला आपलाच हात कच्चा वाटू लागतो. चित्रकारांनी आपल्या परीने अंतिम आकारातच फाइल द्यावी, उजेडाचा फरक राखून रंग निवडावेत, व्हॉट्सॲपवर चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. पण एवढ्याने भागणार नाही. मोजक्या रंगांची, ठळक कडांची प्रतिमा ओळखणे संगणकाला अवघड नाही. अशा प्रतिमांची रंगनोंद पूर्ण ठेवावी आणि कपातीचे नियम जाहीर करावेत, ही मागणी अवाजवी नाही. ज्यांच्या चित्रांवर हे प्लॅटफॉर्म चालतात, त्यांना आपल्या चित्राचे काय होणार हे आधी कळलेच पाहिजे.