दुर्बीण, कथा आणि फुरसत

"चळवळ सोडून पाखरं मोजत बसता का?" हा प्रश्न आम्हाला दर हिवाळ्यात ऐकावा लागतो. विचारणारे आपलेच कार्यकर्ते असतात, म्हणून राग येत नाही. उत्तर मात्र द्यावे लागते.

आम्ही कथा लिहितो आणि जायकवाडीच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला जातो. दोन्हींना रविवारची सकाळ लागते आणि ती आठवड्यात एकच येते. त्यात पाहुणे पक्षी मुक्कामाला असतात त्याच थंडीत ६ डिसेंबर आणि १ जानेवारीही येतात. दिवाळी अंकांच्या कथा पावसाळ्यात द्याव्या लागतात, म्हणून पावसाळा कथेला आणि हिवाळा पक्ष्यांना अशी वाटणी करून पाहिली. ती दोन वर्षेही टिकली नाही.

बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवर लिहिलेल्या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली, ती याच मुद्द्यावर. माणसाचे जनावरासारखे राबणे थांबावे, त्याला फुरसत मिळावी, कारण फुरसतीशिवाय सुसंस्कृत जगणे शक्य नाही. आमच्या आईने रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना टिटवीची अंडी जपली. तिला कुणी पक्षीनिरीक्षक म्हटले नाही. तिला न मिळालेली फुरसत आम्ही घेतली, तर ती चैन कशी?

पण फुरसत मिळाली म्हणून जात सुटत नाही. मागच्या जानेवारीत गळ्यात दुर्बीण अडकवून बांधावर उभे होतो. शेतमालक आला. "कोणाचे तुम्ही?" आम्ही गाव सांगितले. "गाव नाही, आडनाव." ते सांगितल्यावर त्याने दुर्बिणीकडे असे पाहिले, जणू ती त्याच्याच घरातून गेली होती. शहरातल्या एका पक्षीमित्रानेही पूर्वी हेच विचारले होते. त्याने आधी चहा पाजला, एवढाच फरक.

त्या दिवशी वहीत नोंद केली: सकाळी ७.१०, पट्टकादंब ४२, चक्रवाक ११. शेतमालकाच्या प्रश्नाला वहीत रकाना नव्हता. काठावर गवत कापणाऱ्या ज्या मावशीने "थवा तिकडं उतरलाय" म्हणून हात करून दाखवला, तिलाही नव्हता. कथा तिथून सुरू झाली.

वहीचेही कथेवर उपकार आहेत. आमचा नायक पूर्वी दुसऱ्या पानावरच भाषण ठोकायचा. आम्हीही सभेतलेच, सवय कुठे जाते! वहीचा नियम कडक: जे दिसले नाही ते लिहायचे नाही, ओळख पक्की नसेल तर नोंद सोडायची. या कथेत नायक गप्प आहे, फक्त शेतमालकाची नजर आहे. एका मित्राला ते पटले नाही. "आपला माणूस उत्तर का देत नाही?" त्याचे म्हणणे आम्ही खोडून काढू शकलो नाही.

कथा अडली आहे ती मात्र दुसरीकडेच. मावशीला नाव द्यायला गेलो आणि लक्षात आले, आम्ही तिला थव्याची जागा विचारली, नाव विचारलेच नाही. या रविवारी त्यासाठी निघतो आहोत. दुर्बीण सोबत असेलच.