टॅली झालेला गोलंदाज

महाड-पोलादपूरकडे ऋतू तीनच. पावसाळा, उन्हाळा आणि टुर्नामेंट. भातं कापून झाली, की खाचरातली धसकटं तासायची, मधली पट्टी चोपायची, बांधावर लाऊडस्पीकर चढवायचा. झालं लॉर्ड्स तयार! चेंडू टेनिसचा, अंपायर यजमान गावचा. राहिलेल्या धसकटावर पडलेला चेंडू कुठे जाईल ते एक तो जाणे, नाहीतर सावित्री नदी जाणे.

आमच्या शाखेतले दफ्तरी पोलादपूरकडचे. त्यांचा धाकटा भयंकर जोरात टाकतो अशी बोलवा झाली, म्हणून एका रविवारी पाहायला गेलो. त्याचं धावत येणं पाहिलं, विकेटकीपरचं धावत जाणं पाहिलं. मधला चेंडू काही दिसला नाही. एका षटकात दोन दांड्या उडाल्या आणि पाच वाइड पडले. त्यातला एक गुणलेखकाच्या चहात पडला.

अशा माणसांची एक जातच असते, आणि ती साता समुद्रापलीकडेही आढळते. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये चेंडू टप्पा न पाडता फेकतात. म्हणजे आपला फुलटॉसच, पण तिकडे त्याला पगार मिळतो. मोठ्या लीगच्या खाली धाकट्या लीगच्या पायऱ्या असतात. बढतीची वाट पाहत माणसं तिथेच जुनी होतात, अगदी आमच्यासारखी. तिथे 1957 साली स्टीव्ह डॅल्कोव्स्की नावाचा पोरगा आला. त्याच्याइतकं जोरात कोणी फेकलंच नाही, असं शपथेवर सांगणारे पुष्कळ भेटतात. 1960 साली स्टॉक्टनकडून खेळताना त्याने 262 फलंदाज बाद केले आणि भरकटलेल्या चेंडूंपायी 262 वेळा फलंदाजांना फुकटात पहिल्या बेसवर धाडलं. जमा 262, नावे 262! आमच्या शाखेत असा हिशोब पहिल्या बेरजेला टॅली झाला असता तर मॅनेजरसाहेबांनी पेढे वाटले असते. तिकडे मात्र कोणी वाटले नाहीत. 1963 साली, मोठ्या संघात जाणार जाणार म्हणताना, कोपर दुखावलं. 2020 साली तो वारला. मोठ्या लीगचा एकही सामना खेळायला मिळाला नाही तो नाहीच.

आपल्याकडचा म्हणाल तर पांडुरंग साळगावकर, महाराष्ट्राचा. तो काळ फिरकीचा. नव्या चेंडूची लकाकी कोणीतरी घालवायची, कधी कधी तर चक्क गावसकरांनी, आणि मग बेदी-चंद्रा-प्रसन्नांच्या हाती तो सोपवायचा. अशा काळात हा गडी खराखुरा फास्ट टाकायचा. 1974 च्या सुरुवातीला त्याला श्रीलंकेला नेलं आणि त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यातून वगळलं. त्या दौऱ्यात लॉर्ड्सवर आपण 42 धावांत आटोपलो. (हे काम आपल्या फलंदाजांनी कोणाच्याही मदतीवाचून केलं होतं, पण आमचे वडील दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायचे.) रणजीसारख्या सामन्यांतून 200 च्या वर बळी, कसोटी मात्र एकही नाही. पुढे साळगावकर पुण्यात खेळपट्ट्या तयार करू लागले. म्हणजे पट्टी चोपायची आपण आणि धावत यायचं दुसऱ्याने!

परवा आमचे दफ्तरी काउंटरच्या बाहेरच्या बाजूने आले. हातात मुदत ठेवीची पावती.

"भाऊसाहेब, मोडायची हाय. पोराला पुण्याला धाडतो. सीझन बॉलवर खेळंल."

पैसे घराच्या छपरासाठी ठेवलेले. छप्पर पोलादपूरचं, म्हणजे चार महिने त्याच्यावर काय कोसळतं ते सांगायला नको. शिवाय पोराला एमआयडीसीत कंत्राटी काम मिळत होतं, सोमवारपासूनच. मी रीतसर सांगितलं, की मुदतीआधी मोडाल तर व्याज कापलं जाईल, त्यापेक्षा पावतीवर कर्ज काढा. मग रीत बाजूला ठेवून डॅल्कोव्स्की सांगितला, साळगावकर सांगितले. मागे पासबुकवाल्यांची रांग खाकरू लागली.

"म्हंजे दोघंबी वर गेलेच नाय?"

"नाही."

त्यांनी पावतीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"पन त्यांची नावं तुमाला ठावं हायत."

मी कर्जाचा फॉर्म काढला. 'कर्जाचे कारण' या रकान्यात काय लिहू, म्हणाले. छापील यादीत शेती, लग्न, आजारपण आणि घरदुरुस्ती एवढंच होतं. मी 'इतर'वर खूण केली.