दोन साडेबारा टक्के

सीबीडी बेलापूर स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, “दिवाळे? मच्छी घ्यायला ना?” मी हो म्हणालो. लिक्टेनस्टाइन आठवतंय म्हणून निघालोय, हे त्याला सांगून काय उपयोग होता!

त्या देशात मी काही वर्षांपूर्वी झुरिकहून गेलो होतो. सारगान्सपर्यंत रेल्वे, पुढे बस. ऱ्हाइन ओलांडली की देश सुरू. पासपोर्ट कुणी पाहिला नाही. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा शेतकऱ्यांचा गरीब मुलूख होता. पुढेही, १९६७ मध्ये, राजघराण्याने आपल्याकडचं लिओनार्दोचं चित्र वॉशिंग्टनच्या कलादालनाला विकलं. आज तिथले निम्म्याहून अधिक कामगार रोज शेजारच्या देशांतून येतात आणि संध्याकाळी परततात. चलन स्विस, जकातही १९२३ च्या कराराने स्वित्झर्लंडशी जोडलेली. पण कायदे स्वतःचे. कंपन्यांवरचा कर साडेबारा टक्के, आणि हा आकडा त्यांनी आपणच ठरवलेला.

‘साडेबारा टक्के’ म्हणजे काय, हे नवी मुंबईत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सिडकोने ९५ गावांच्या जमिनींवर शहर वसवलं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये आंदोलन पेटलं, जासई-पागोट्याला गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली.

रिक्षा कोळीवाड्याच्या तोंडाशी थांबली. काचेच्या कचेऱ्या मागे राहिल्या, गल्ली अरुंद झाली, सुकत घातलेली जाळी दिसू लागली. बाजारात बोईट, कोलंबी, पाय बांधलेल्या चिंबोऱ्या. जिताड्याचा भाव ऐकून मी मुकाट पुढे सरकलो.

“मावशी, धंदा कसा काय?”

“आधी डिझेल, मग बरफ, मग जाळ्याची डागडुजी. उरलं तर वाटं पाडायचं,” कोळणीने कोयत्यावरची नजर न काढता सांगितलं. वाटेही ठरलेले: होडीचा एक, जाळ्याचा एक, बाकीचे माणसांचे. एवढा स्वच्छ अर्थसंकल्प मी कुठल्या महापालिकेचा वाचलेला नाही.

अडचण जमेच्या बाजूला आहे. जमीन गेली तर सातबारा दाखवता येतो. खाडीचा सातबारा नसतो. भराव पडला, सांडपाणी आलं, मासळी घटली, तरी साडेबारा टक्के कशाचे मागणार? उरणकडच्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना बंदराच्या कामापायी ९५ कोटींची भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला, तेव्हा खाडीलाही किंमत असते हे कागदावर आलं. प्रकरण लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं, हेही ओघाने आलंच.

मी धक्क्यापर्यंत चालत गेलो. ओहोटी होती, होड्या चिखलात टेकल्या होत्या. बेलापूरहून मुंबईला जाणारी वॉटर टॅक्सी २०२२ मध्ये सुरू झाली, ती याच पाण्यातून. तिचे मार्ग आणि भाडी ठरवताना कोळ्यांना कितपत विचारलं असेल, याबद्दल मला फारशी आशा नाही.

लिक्टेनस्टाइन श्रीमंत झालं ते लहान असल्यामुळे नव्हे, तर आपल्या दारातले नियम आपण करण्याचा हक्क राखल्यामुळे. दिवाळ्याच्या कोळ्यांना वेगळा देश नको आहे. खाडीत काय सोडायचं आणि कुठे भराव टाकायचा, हे ठरतं त्या टेबलावर त्यांना एक खुर्ची हवी, आणि ती महापालिकेने आणि सिडकोने द्यायलाच हवी.